एलियाहूचा पेला

मिल्काबाई थळकरांकडे वर्षातून एकदा पाहुणे यायचे आणि आले की घरातलं पाणी संपायचं. एरवी लातूरच्या त्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची ऐंशीची आई, दोघीच. मिल्काबाई सरकारी दवाखान्यात नर्स. नावावरून गल्ली त्यांना ख्रिश्चन समजे आणि डिसेंबरात केक मागे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, आमच्यात नाताळ नसतो, हे त्यांनी दहा वर्षं सांगितलं. मग कंटाळल्या आणि एका वर्षी सरळ केक आणून वाटला.

वडील निजामाच्या रेल्वेत गार्ड, मुदखेडला. ते गेले तेव्हा मिल्का एकोणीसची आणि धाकटा एझ्रा सात वर्षांचा. पोरगी नर्सिंगला गेली, पगार घरी आणू लागली. अलिबागकडून दोन स्थळं आली होती. आई म्हणाली, एझ्रा मार्गी लागू दे. एझ्रा लागला मार्गी. ठाण्यात बँकेत चिकटला, डिनाशी लग्न केलं, आणि त्या मार्गावरून त्यानं कधी मागं वळून पाहिलं नाही. फक्त उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्यूंचा पेसाहचा सण आला की आईला भेटायचं निमित्त करून सहकुटुंब यायचा, आठ दिवस जेवायचा आणि जाताना स्वयंपाकाला नावं ठेवून जायचा.

यंदा मात्र त्याचं पत्र वेगळं होतं. आम्ही कायमचं इस्राएलला जायचं ठरवतोय, सणाला आलो की सगळ्यांचं बघू, असं त्यात लिहिलं होतं. ‘सगळ्यांचं’ हा शब्द मिल्काबाईंनी तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारातल्या स्टुडिओत जाऊन त्यांनी पासपोर्टचे फोटो काढून घेतले. पाकीट ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. एकावन्नाव्या वर्षी माणसानं अशी आशा धरू नये, पण त्यांनी धरली. कामावर जाता-येता त्या मनातल्या मनात सामानही बांधू लागल्या.

त्या साली पाऊस पडलाच नव्हता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, पाणी मात्र तालुक्याचंच राहिलं. टँकर चार दिवसांआड. आणि पेसाह म्हणजे तर पाण्याचा सण. घर कोपऱ्याकोपऱ्यातून धुवायचं, भांड्यांना कल्हई करायची, आंबलेल्या पिठाचा कण कुठं राहू द्यायचा नाही. मिल्काबाईंनी पंधरा दिवस रांगेत उभं राहून दोन पिंपं भरली. एक वापराचं, दुसरं स्वयंपाकाचं. दुसऱ्यावर फडकं बांधून ठेवलं.

पाहुणे सकाळी आले. एझ्रा, डिना, त्यांच्या दोन मुली आणि पुण्याचे बिनयामीन मामा. मिल्काबाई दवाखान्यातून दुपारी परतल्या तेव्हा फडकं दोरीवर वाळत होतं. “वन्सं, मुलींच्या केसांत काय धूळ होती रेल्वेची,” डिना म्हणाली. दोघींची डोकी धुऊन झाली होती, डिनाचंही झालं होतं. वापराचं पिंप घर धुण्यात आधीच संपलं होतं, या पिंपाच्या तळाला तांब्याभर पाणी उरलं होतं.

बटाट्याचा रस्सा करू, असं मिल्काबाईंनी सुचवलं. मामांनी तोंड वाकडं केलं. पेसाहला कोंबडी नाही म्हणजे काय, आपण काय दुष्काळी कामावरचे मजूर आहोत? एझ्रा ठाण्याच्या हजानकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, धर्माप्रमाणे कोंबडी हलाल करायला शिकून आला होता, त्याला ती विद्या दाखवायची होतीच. दोन कोंबड्या आल्या. आता ज्यूंच्या धर्मात रक्त खायचं नाही. मटण असो, कोंबडी असो, आधी पाण्यात भिजवायची, मग जाड मीठ चोळून तासभर ठेवायची, रक्त निथळू द्यायचं आणि मग तीन पाण्यांनी धुवायची. भिजवण्यातच तळाचं पाणी गेलं. मीठ चोळून झाल्यावर सगळ्यांना कळलं की धुवायला पाणीच नाही. शेजारच्या धुरपताबाईंनी आपल्या दोन घागरींतली एक दिली. रश्श्यापुरतं ठेवून त्यात एकदाच धुणं झालं. मिल्काबाई म्हणाल्या, हे खाण्यासारखं नाही, टाकून देऊ. मामा म्हणाले, दुष्काळात देव समजून घेतो. देवानं घेतलं असेल समजून, मिठानं काही घेतलं नाही. त्यातच डिनानं न विचारता रश्श्यात आणखी दोन चमचे मीठ टाकलं.

संध्याकाळी सगळे सणाला बसले. मामांनी पोथी वाचली. मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, पूर्वजांच्या गुलामगिरीची आठवण म्हणून कडू पाला खायचा असतो, तो कडुनिंबाचा होता. मुंबईहून आणलेल्या बिनखमिराच्या रोट्या गाडीत चुरून भुशासारख्या झाल्या होत्या. मग कोंबडी वाढली. पहिल्याच घासाला मामांनी डोळे मिटले. मोठ्या मुलीनं घास ताटाखाली लपवला. मिल्काबाईंच्या आईनं आपला घास हळूच थुंकला. डिना म्हणाली, वन्संचा हात मिठाला सढळच आहे पहिल्यापासून. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथं खारट निघालं, तरी नावडती तीच. मनुकांचं सरबत विधीत चार वेळा प्यायचं, ते सगळ्यांनी आठ वेळा प्यायलं. तांब्या पालथा झाला. भरलेला उरला तो एकच पेला, एलियाहू संदेष्ट्यासाठी दरवर्षी ठेवतात तो.

एझ्रानं तोंड पुसलं आणि कागद झाल्याचं सांगितलं. जुलैत निघायचं. आईला घेऊन चाललोय, म्हातारं माणूस सोबत असलं की तिकडं घर मोठं मिळतं म्हणे.

“माझे फोटो काढून ठेवलेत,” मिल्काबाई म्हणाल्या. “किती लागतील?”

एझ्रानं ताट बाजूला सारलं. “ताई, सात वर्षांवर पेन्शन आलीय तुझी. ती कशाला सोडतेस? आणि मुदखेडला बाबांची कबर आहे. तिच्याकडं बघायला कुणीतरी पाहिजेच की.”

“मिल्का न्हाई तर मला न्हाऊ कोन घालंल?” आईनं विचारलं.

एवढं मीठ खाऊन त्याला जागणारा त्या पंगतीत एकजणही नव्हता. मिल्काबाईंना रडू आलं नाही, राग आला, आणि तो सगळ्यात जास्त स्वतःचा आला. स्टुडिओत त्यांनी केस नीट बसावेत म्हणून आरसा मागून घेतला होता.

मामांनी घाईनं शेवटचं पान काढलं. एलियाहूसाठी दार उघडलं गेलं. सगळे उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, “पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये.” दरवर्षी म्हणायचे तेच, यंदा त्यांचं खरं होणार होतं.

मिल्काबाईंनी हात पुढं केला, भरलेला पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“मिल्का, तो एलियाहूचा होता,” मामा म्हणाले.

“तीस वर्षं ठेवून राहिले. तो काय आला न्हाई,” त्या म्हणाल्या. “तहान मला लागली होती.”

सकाळी टँकर आला. दर सणाला पाच घागरी घेऊन येणाऱ्या मिल्काबाई रांगेत दोनच घेऊन उभ्या होत्या. पहिली भरली, ती त्यांनी धुरपताबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. दुसरी कमरेवर घेतली.

“पाहुने गेले का?” धुरपताबाईंनी विचारलं.

“हायत की,” मिल्काबाई म्हणाल्या. “पन ही आईपुरती हाय.”