बाहेरून कुलूप

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले पुष्कळसे आता धूसर झाले आहेत. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या त्या घराचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात ना रक्त सांडले होते, ना चोरीचा माल होता.

मध्य भारत राज्याचे ते शेवटचे दिवस. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला असे, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फाइलीही पेट्यांत भरून तशाच इकडून तिकडे जात. मी सब-इन्स्पेक्टर होतो, इंदूरच्या एस.पी. कचेरीत. परदेशी लोकांची नोंदणी, परवाने, मुदतवाढ हे काम माझ्याकडे होते. माझे कुटुंब ग्वाल्हेरला, आईवडिलांजवळ. मी पोलीस लाइनीतल्या एका खोलीत राहत असे आणि मेसचे जेवत असे.

परदेशी म्हटले की लोकांना गोरा साहेब आठवतो. माझ्याकडचे बहुतेक अर्ज आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांचे असत. त्यांतलाच एक अर्ज एका वायरमनचा होता. हा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कामाला, राहायला राऊला. होळकरांच्या फौजेत चाकरी केलेल्या मराठी घराण्यातला. मराठी बोलता बोलता निम्मा हिंदीत जाणारा, आमच्या इंदूरकडचाच. काही वर्षे तो मुंबईला नोकरीत होता. तिथे गिरगावात मामाकडे राहणाऱ्या एका गोवेकर मुलीशी त्याचे लग्न झाले. पुढे तिचे वडील आजारी पडले म्हणून ती गोव्याला गेली. त्याच सुमारास याची नोकरी सुटली आणि तो इकडे परतला.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. आधी जाण्यायेण्याला कोणी फारसे अडवत नसे. सत्याग्रहाचे दिवस आले, सरहद्द आवळली गेली, आणि ती बाई कायद्याने परदेशी ठरली. नवऱ्याच्या घरी यायला तिला व्हिसा हवा. त्यासाठी नवऱ्याने अर्ज करायचा, पोलिसांनी चौकशी करायची, अहवाल वर जायचा. लग्न खरे आहे की नाही याची चौकशी मीच केली होती. लग्न खरे होते. तसा अहवाल पाठवला आणि आम्ही दोघेही वाट पाहू लागलो.

तो पाळी संपली की कचेरीत येई. दारातच चपला काढी, जणू देवळात आला आहे.

"साब, माझ्या अर्जीचं काही झालं का?"

"अजून उत्तर नाही."

"बरं साब. अगले हफ्ते येतो."

असे कितीतरी हप्ते गेले. एकदा मी त्याला बसवून चहा पाजला. म्हणाला, "साब, तिनं इंदूर पाहिलंच नाही अजून. मी तिला सांगून ठेवलंय, सराफ्यात रात्रीचं खायला नेईन म्हणून." पुढे काही दिवसांनी त्याचे येणे बंद झाले.

पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट कळते. रोज विचारणारा माणूस अचानक विचारेनासा झाला, तर त्याने एक तर आशा सोडली आहे, नाहीतर त्याला हवे ते मिळाले आहे. मिलच्या फाटकाशी तो मला एकदा दिसला. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. आशा सोडलेला माणूस इस्त्री करत नाही. पण नुसत्या सदऱ्यावरून कोणाच्या घरात शिरता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

मग एके दिवशी राऊच्या चौकीचा हवालदार कचेरीत आला. त्याच्याबरोबर डोक्यावर लुगड्याचा पदर ओढलेली एक दूधवाली होती. गावाच्या टोकाला एकटे घर आहे, त्याच्या मागे तिची म्हैस चरते, असे हवालदाराने सांगितले. बाई घाबरलेली होती. मी तिला खाली बसायला सांगितले, पाणी दिले.

"बोल, काय पाहिलंस?"

"साब, उना घर में एक बई हे," ती माळवीत म्हणाली. "बायर से तालो हे. भीतर वा रोवे हे."

घराला बाहेरून कुलूप, आत रडणारी बाई. फाळणीनंतर पळवून आणलेल्या बायकांची प्रकरणे आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. असली खबर आली की हातातले काम टाकून उठायचे, असा दंडक होता. घर कोणाचे ते विचारले. हवालदाराने वायरमनचे नाव घेतले तेव्हा मला तो इस्त्रीचा सदरा आठवला.

आम्ही लगेच दुपारच्या गाडीने राऊला गेलो. झडती बाईमाणसाची, म्हणून गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंना सोबत घेतले. दोन पंच घेतले. घर खरेच एकटे होते; समोर उजाड माळ, मागे बाभळी. मी दार ठोठावले.

आतून स्वच्छ मराठीत आवाज आला, "कुलूप बाहेरून आहे. किल्ली त्यांच्यापाशी असते. तुम्ही पोलीस ना?"

"हो."

"मग तोडा. मी मागे सरते."

हवालदाराने दगडाने कुलूप तोडले. आत एक खोली आणि एक चूल, एवढेच घर. खिडक्यांवर आतून जाड कापड ठोकलेले. उन्हातून आत गेल्यामुळे क्षणभर काही दिसेना. मग ती दिसली. तिशीच्या आतबाहेरची, फिकट पडलेली. केस नीट विंचरलेले, धुतलेले पातळ नेसलेली. चुलीशेजारी ताटात पाण्याचे पेले भरून ठेवले होते.

मी पुष्कळ झडत्या घेतल्या आहेत. पोलीस येणार हे माहीत नसलेल्या घरात पाहुण्यांसाठी पाणी भरलेले नसते. ही गोष्ट मी मनात ठेवली.

मास्तरीणबाईंनी तिला हळूच विचारले, "बाई, तुम्हाला कोणी जबरदस्तीनं इथे ठेवलंय का?"

"नाही हो. माझ्या नवऱ्याचं घर आहे हे." आणि मग मास्तरीणबाईंचा हात धरून ती बोलतच राहिली. तुम्ही कुठल्या, मुलं किती, शाळेत काय शिकवता. पंचनामा लिहून झाला तरी तिचे प्रश्न संपेनात. मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले.

इकडे वायरमनला मिलमधून कचेरीत आणले होते. मी पोचलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आधी त्याने सांगितले की ती रत्नागिरीची चुलत बहीण आहे. मग म्हणाला, तिच्या डोक्यात थोडा फरक आहे, म्हणून कुलूप. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस एका खोट्यावर थांबत नाही, तो दुसरे जोडतो. मी त्याला बोलू दिले. मग म्हटले, "तुझ्या लग्नाची चौकशी मीच केली होती. फोटो पाहिलाय मी तिचा."

तो भिंतीकडून माझ्याकडे वळला.

"साब, चोरी नाही केली. डाका नाही टाकला. अपनी बायको आणली. अपनी बायको घरी आणायची म्हणजे गुन्हा कसा हो, साब?"

"परवान्याशिवाय आणलीस, हा गुन्हा. कशी आणलीस?"

"रजा घेऊन गेलो. सावंतवाडीकडून, जंगलातून, पायी."

"वाट कोणी दाखवली?"

हे मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. मी दरडावले, समजावले, तुरुंगाची भीती घातली. कलम गंभीर होते. त्याला कैद होऊ शकत होती आणि तिला पुन्हा सरहद्दीपार धाडण्याचा हुकूम निघू शकत होता. तो फक्त एकच विचारत राहिला, "साब, चुगली कोणी केली? एवढं बता दो. मी कोणाचं काय बिघडवलं होतं?" मिलमधल्या एका जोडीदारावर त्याचा संशय होता. त्याचे नाव घेताना त्याच्या मुठी वळत होत्या.

खबर देणाऱ्याचे नाव पोलीस सांगत नाहीत. पण या खबरीत मलाच काहीतरी खटकत होते. दूधवाली म्हणाली होती की आतली बाई रडते. माळव्यातल्या त्या बाईला परक्या घरातल्या रडण्यासाठी इंदूरच्या कचेरीपर्यंत यायची हिंमत कुठून आली? आणि ते भरलेले पेले?

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊच्या चौकीत मी तिचा जबाब घ्यायला बसलो. मास्तरीणबाई शेजारी होत्या. रात्री त्यांनीच तिला आपल्या घरी ठेवून घेतले होते. मी सरळच विचारले, "दूधवालीला आमच्याकडे कोणी पाठवलं?"

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"मीच पाठवली."

हवालदाराची लेखणी थांबली. मी त्याला खुणेनेच थांबून राहायला सांगितले.

"तुम्ही स्वतःलाच पकडून दिलंत? का?"

ती सावकाश बोलू लागली. गोव्यात पोर्तुगीजांचे शिपाई होते, पण ती बाजारात जात होती, देवळात जात होती, विहिरीवर चार बायकांशी बोलत होती. इथे नवरा होता आणि दुसरे काहीच नव्हते. तो उजाडताच जाई आणि अंधार पडल्यावर येई. जाताना सांगे, बोलू नकोस, तुझा हेल कोणीही ओळखेल. खोकू नकोस. चूल दिवसा पेटवू नकोस. आला की दमून जेवे आणि झोपे. त्याची भीतीही खरी होती, हे तिला कळत होते. "ते वाईट नाहीत हो," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "ते मला जपत होते. दागिना जपतात तसं."

"मग?"

"मग मला ताप आला. खूप ताप. डॉक्टर आणला तर कळेल म्हणून यांनी आणला नाही. रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले, रडले, पण आणला नाही. पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, मी मेले तर हे मला स्मशानात कोण म्हणून नेतील? माझं मढंसुद्धा बाहेर काढायची यांना चोरी."

मास्तरीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"बरी झाले तेव्हा मागच्या खिडकीच्या कापडाचा एक खिळा काढून ते थोडं सारलं. ती म्हैसवाली दिसली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. पण ती रोज खिडकीखाली येऊन बसू लागली. तिलाच म्हटलं, पुलिस, पुलिस. ती आधी नाही म्हणाली, पळूनच गेली. दोन दिवस आली नाही. मग आली, आणि मान हलवली." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मला परत पाठवा, नाहीतर तुरुंगात घाला. तिथे निदान माणसं असतील."

नंतर खूप हळू म्हणाली, "यांना मात्र सांगू नका."

मी सांगितले नाही. मला सांगायची गरजही पडली नाही. न्यायाधीशांसमोर दोघे उभे राहिले तेव्हा वायरमनने हात जोडले आणि म्हणाला की सगळा दोष माझा, कोणीतरी दुष्मनीने खबर दिली, तिला शिक्षा नको. तो "दुष्मनी" म्हणाला मात्र, आणि ती पुढे झाली.

"दुष्मनी नाही. मीच कळवलं."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. ते पाहणे मला शब्दांत सांगता येणार नाही. रागही नव्हता तो. रस्ता ओळखीचा समजून चाललेला माणूस भलत्याच गावात पोचावा, तसा त्याचा चेहरा झाला.

न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी दोघांना दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. तिला परत पाठवायचे की नाही, हे सरकार ठरवेल, तोवर तिने राऊची हद्द सोडू नये आणि दर सोमवारी चौकीत हजेरी द्यावी, असा हुकूम झाला. संध्याकाळपर्यंत ती दोघे कोर्टाच्या बाकावर शेजारी शेजारी बसून होती. तो दाराकडे पाहत होता, ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

मी माझा अहवाल लिहिला. गुन्हा घडला आहे हे लिहिले, आणि बाईने स्वतः होऊन कळवले आहे, तिला येथे राहू देण्यास हरकत नाही, हेही लिहिले. साहेबांनी तो वाचून नुसती भुवई उंचावली आणि सही केली. कागद पुन्हा पेटीत बसून ग्वाल्हेरला गेले.

काही दिवसांनी वायरमन कचेरीत आला. या वेळी त्याने चपला काढल्या नाहीत.

"साब, ती मला म्हणाली असती तर?"

"नव्हती म्हणाली?"

"म्हणाली होती. रोज म्हणत होती. मला वाटायचं, अर्जी मंजूर झाली की सगळं ठीक होऊन जाईल, तोवर कळ काढावी." मग म्हणाला, "आता घरी आलो की ती नसते साब. कधी मास्तरीणबाईंकडे, कधी दूधवालीकडे. दार नुसतं लोटलेलं. मी आत बसून राहतो."

माझ्या खोलीलाही मी रोज बाहेरून कुलूप लावत होतो आणि आत वाट पाहणारे कोणी नव्हते.

दर सोमवारी ती चौकीत येई. हवालदार सांगे की हजेरीला एक मिनिट लागते, पण बाई तासभर बसतात. कोणाची शेळी हरवली, कोणाचा बांध कोरला, सगळ्यांच्या तक्रारी ऐकतात. शेवटी सरकारचा हुकूम आला. तिला राहण्याची परवानगी मिळाली, हजेरीची अट रद्द झाली. मी स्वतः तो कागद घेऊन गेलो. तिने तो कपाळाला लावला आणि मग विचारले, "म्हणजे आता सोमवारी येऊ नको?"

"यायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. हवालदार घाईघाईने म्हणाला, "बाई, यूं ही आ जाया करो. चाय पीने."

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. खबर देणारा नेहमी वैरी असतो, हे मी तेव्हापासून गृहीत धरणे सोडले. आणि जपणे व कोंडणे या दोन्हींत कुलूप एकच असते, हे पुढे अनेक घरांत शिरताना मला उपयोगी पडले. कोणाचा हेतू चांगला आहे, एवढ्यावर मी तपास कधी थांबवला नाही.

त्या दोघांना मी शेवटचे पाहिले ते राऊच्या स्टेशनवर. रविवार होता. कोर्टाची फेरी सोडली तर बहुधा ती पहिल्यांदाच इंदूरला, त्याने कबूल केलेल्या सराफ्यात, निघाली होती. ती फलाटावरच्या एका अनोळखी बाईशी मोडक्यातोडक्या माळवीत मोठमोठ्याने बोलत होती, हसत होती. तो थोडा दूर पिशवी धरून उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. मधूनच तिच्याकडे पाही आणि पुन्हा रुळांकडे पाही. मी अंगावर वर्दी असल्यामुळे जवळ गेलो नाही. गाडी आली. ती आधी चढली, आणि दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. तो चढेपर्यंत ती दारातून हलली नाही.

मी मागच्या डब्यात जाऊन बसलो.