पाठमोरी चाचणी

आरोग्यविज्ञानाच्या पदवीला शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. आमच्या विद्यापीठात त्याचे गुण नुसते गुणपत्रिकेपुरते नसतात. पुढे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला जायचं, तर मुलाखतीत त्या प्रकल्पाची फाइल समोर ठेवूनच प्रश्न विचारतात. फाइल नाही तर मुलाखत नाही, आणि मुलाखत नाही तर वर्ष गेलं. मला मास्टर्सला जायचंच होतं. कुणी कारण विचारलं असतं तर समाजाची सेवा वगैरे काहीतरी बोलून मोकळी झाले असते. खरं कारण एवढंच, की निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडायचा मला तेवढा एकच रस्ता दिसत होता.

आमच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत एकच आहे. शनिवार ते गुरुवार ती भिंत थरथरत असते. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे येतात, भांडणं होतात आणि फोनवर बोलणं होतं. बाबा त्याच कारखान्यात जॉबर आहेत. लूम अडला, धागा तुटायला लागला, की तो दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. वडप्याकडच्या गावातून विशीत आले ते इथेच राहिले. त्यांचा एक लौकिक होता. बाकीचे जॉबर आवाज ऐकून बिघाड सांगतात, बाबा लूमवर तळहात ठेवून सांगतात. लोक म्हणायचे, ह्याच्या हातात जादू आहे. आम्हीही तेच म्हणायचो, आणि शाळेत मी ते जरा चढवूनच सांगायची.

बाकी घरात ते घुमे म्हणून प्रसिद्ध. मनात असेल तर बोलणार, नसेल तर शेजारी बसून हाक मारली तरी ढिम्म. मी आठवीत असताना एकदा बाजारात ते मला पुढे चालताना दिसले. माझ्यासोबत मैत्रिणी होत्या. मी मागून चार हाका मारल्या. ते पिशवी हलवत चालत राहिले. मैत्रिणी हसल्या, आणि मी तीन दिवस बाबांशी बोलले नाही. गंमत म्हणजे मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्यामुळे चौथ्या दिवशी मलाच बोलावं लागलं.

तर प्रकल्प. वर्गातल्या बहुतेकांनी साखर नाहीतर रक्तदाब घेतला. मी लूम कामगारांचे कान घेतले. विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही, आणि कष्टही कमी पडतील असा हिशेब होता. गल्ली माझी, माणसं ओळखीची, मला कोण अडवणार? आमच्या मार्गदर्शक मॅडम मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी विषय वाचला, पद्धत नीट पाळ म्हणाल्या आणि सही केली.

कान तपासायचं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून कुजबुज चाचणी करायची ठरली. ही चाचणी अगदी सोपी. माणसाला बसवायचं, आपण हातभर अंतरावर त्याच्या पाठीमागे उभं राहायचं, त्याचा एक कान बोटाने दाबून बंद करायचा आणि कुजबुजत तीन आकडे सांगायचे. त्याने ते परत म्हणायचे. मग दुसरा कान. म्हणता आले तर ऐकू येतं, नाही आले तर दुसरे तीन सांगून बघायचे, तेही नाही आले तर पुढची तपासणी लागणार. फाइलमध्ये कुणाचं नाव घालायचं नव्हतं, फक्त क्रमांक.

गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं किराणा दुकान होतं, ते शुक्रवारपुरतं मागून घेतलं. पहिल्या शुक्रवारी सराव म्हणून बाबांनाच बसवलं. ते झाले क्रमांक एक. दोन्ही कान, सहाच्या सहा आकडे बरोबर. मग एकेक करून कामगार आले. चार शुक्रवार मी आकडे कुजबुजत होते आणि माणसं ते धडाधडा परत म्हणत होती. वीस-वीस वर्षं लूमवर काढलेली माणसं! मला मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. निष्कर्षात मी लिहून टाकलं, की सततच्या आवाजाची सवय झाल्यामुळे ह्या कामगारांची श्रवणशक्ती अपेक्षेपेक्षा उत्तम राहिली आहे. हे वाक्य मी तेव्हा आईला वाचूनही दाखवलं होतं. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

फाइल सोमवारी द्यायची होती. आधीच्या बुधवारी मॅडमनी कच्ची प्रत चाळली. शेवटच्या पानावर थोडा वेळ थांबल्या. मग मला म्हणाल्या, की मी पेशंट आहे असं समज आणि माझी चाचणी घे. मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, तिथे का. मी म्हटलं, मग कुठे.

आता हे नीट सांगायला हवं. लूमच्या कारखान्यात माणसाच्या पाठीमागून जायचं नसतं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सुसाट जात असतो, पट्टे फिरत असतात. मागून कुणी खांद्याला हात लावला, माणूस दचकला आणि त्याचा हात भलतीकडे गेला, की संपलं. त्यामुळे आधी पुढून यायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालासुद्धा पहिली हीच शिस्त लावतात. आणि कारखान्यातच नाही, घरात, दुकानात, लग्नातसुद्धा आम्ही असेच वागतो. मी पहिल्या शुक्रवारी पुस्तकाप्रमाणे बाबांच्या मागे गेले होते. ते खुर्चीतल्या खुर्चीत वळले, मीही निमूट फिरून पुढे आले. त्यानंतर कुणाच्याच मागे गेले नाही. मी पद्धत बदलली हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, म्हणून वहीत कुठे लिहिलंही नव्हतं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बरं, आता मी तुझी घेते. माझ्या समोर बसल्या, माझा एक कान दाबला आणि आकडे सांगितले. मी लगेच परत म्हटले. सात, दोन, नऊ.

"मी आवाज काढलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या. "नुसते ओठ हलवले."

त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवलं. पुन्हा मला सगळे आकडे कळले. आम्ही ओठ वाचतो हे मला माहीतच नव्हतं. आपण श्वास घेतो हे जसं दिवसभर लक्षात नसतं, तसं ते होतं. लूमच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, सगळे तोंडाकडे बघून बोलतात, आणि बोलणाराही ओठ मोठे करून बोलतो. मी तर कुजबुजतानाही तसंच बोलत होते. चार शुक्रवार मी त्यांचे कान तपासलेच नव्हते, त्यांचे डोळे तपासले होते.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, आहे ते तसंच द्यायचं आणि मर्यादा म्हणून खाली दोन ओळी लिहायच्या. पास होशील, पण मुलाखतीत ह्याच पानावर बोट ठेवतील. दुसरी, पुन्हा करायचं. पुढच्या सत्राला दिलंस तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. म्हणजे वर्ष गेलंच की! मी म्हटलं, शुक्रवार एक आहे अजून.

परतताना बस कशेळीला नेहमीसारखी कंटेनरच्या रांगेत अडकली. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात सगळ्यांवर चिडले. मॅडमवर, की आधी का नाही विचारलं. कामगारांवर, की इतके हुशार कशाला. आणि मग सावकाश, खाडीचा पूल ओलांडेपर्यंत, वहीतला क्रमांक एक डोक्यात आला. सहाच्या सहा. शेजारी बसून मारलेली हाक. लूमवर ठेवलेला तळहात. तिथे मी विचार करणं थांबवलं. म्हटलं, आधी शुक्रवार पार पडू दे.

शुक्रवारी सकाळी सातला दुकान उघडलं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मागे उभी राहिले की लोक वळायचे. हसायचे. एक वयस्कर कामगार दोनदा वळला, तिसऱ्यांदा उठूनच उभा राहिला आणि म्हणाला, "बेटी, पीछे से मत बोलो. आदत नहीं है." मी त्याला पुढे येऊन सगळं सांगितलं, हात जोडले, तेव्हा तो बसला. मागून सांगितलेल्या आकड्यांतला एकही त्याला म्हणता आला नाही. पुढे येऊन मी फक्त ओठ हलवले, तर सगळे आले. मग त्याने एकच विचारलं, की हे शेठला कळणार का. नाव नाही, फक्त नंबर आहे, असं मी वही उघडून दाखवलं. ह्यानंतर दर माणसाला मी वही आधीच दाखवत गेले.

दुपारी नमाजासाठी गल्ली रिकामी झाली, तेवढ्यात मी उभ्यानेच वडापाव खाल्ला. संध्याकाळपर्यंत सगळे झाले नाहीत, पण प्रकल्पाला पुरतील इतके झाले. निकाल काय आला हे सांगायची गरज नाही. जुना निष्कर्ष मी फाडला नाही. मॅडमनी तो फाइलमध्येच ठेवायला लावला, आधीची चूक आणि ती कशी झाली ह्यासकट. पुढे मुलाखतीत सगळे प्रश्न त्या चुकीवरच आले आणि मला जागा मिळाली. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला ते मध्ये नको आहे.

क्रमांक एक राहिला होता. तो गाळता आला असता. पुरेशी माणसं झाली होती, आणि घरच्या माणसाला घेतलं नाही तर उलट बरंच, असं कारणही तयार होतं. रविवारी सकाळी वही घेऊन बसले होते. बाबा समोर आले, वहीतल्या पहिल्या ओळीकडे बघितलं. शुक्रवारी काय झालं ते गल्लीभर पसरलं होतं, तेव्हा त्यांनाही कळलेलंच होतं. मी वर बघून म्हटलं, नाही घेतलं तरी चालेल. ते म्हणाले, "एक नंबर रिकामा कसा सोडशील?" आणि त्यांनी स्वतःच स्टूल ओढून भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीच्या पलीकडे लूम असतात. कारखान्यात कसलंसं वायरिंगचं काम निघालं होतं, म्हणून त्या रविवारी लूम बंद होते आणि घर शांत होतं.

मला आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. मी मागे गेले. हातभर अंतर मोजलं. त्यांच्या मानेवर पांढरे केस होते, ते मी इतक्या जवळून कधी बघितले नव्हते, कारण बाबांना आम्ही नेहमी पुढूनच बघितलं होतं. उजवा कान बोटाने दाबला. चार, एक, सहा. ते गप्प बसून राहिले. कान बदलला. आठ, तीन, पाच. गप्प. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना दुसरे आकडे घेतले. काही नाही. मी हात काढून घेतला. चाचणी संपली होती.

मग मी चाचणीत नसलेलं केलं. नेहमीच्या आवाजात म्हटलं, बाबा. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी आणखी मोठ्याने हाक मारली, बाजारात मारली होती तशी. आतून, स्वयंपाकघरातून, आई ओला हात पुसत दाराशी आली, काय झालं म्हणून. तिने मला बघितलं, बाबांची पाठ बघितली, आणि जागच्या जागी थांबली. आठवीतल्या त्या तीन दिवसांच्या अबोल्याची मला फार लाज वाटली.

बाबांनी मान न वळवता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सांगितल्यासारखं सरळ बसून म्हटलं, "चालू कर ना गो. मी बसलोच हाय."

मी फिरून त्यांच्या पुढ्यात गेले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिले, आणि मगच सांगितलं, की झालं, बाबा.