गुडगावच्या टोळीप्रमुखाचा अंत्यविधी

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलेलं. पण चहा झालाच आहे तर ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी, कारण आमची सुनंदा सांगते तेव्हा नक्कल करून सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुरुग्राम तेव्हा गुडगाव होतं. कंपनीनं आम्हाला पुण्याहून उचललं आणि तिथे नेऊन टाकलं. माझं काम उत्तर भारतात वॉशिंग मशीन विकण्याचं. सोसायटी नवी कोरी, पुढे अर्धवट बांधलेले टॉवर, मागे कीकराचं, म्हणजे बाभळीचं, रान आणि अरवलीचे खडक. वीज असली की पाणी नाही, पाणी आलं की वीज गेली. आता अशा ठिकाणी वॉशिंग मशीन कोण घेणार? पण ते राहू द्या.

मुद्दा माझ्या सासऱ्यांचा. आप्पा म्हणजे पुण्यातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मुलगी द्यायची होती त्यांच्या एका विद्यार्थ्याला, जो जुन्या खापरांवर संशोधन करत होता. मुलीनं पसंत केलं मला. तेव्हापासून आप्पा चारचौघांत माझी ओळख अशी करून देत, "हे सुनंदाचे यजमान. मशिनं विकतात." बस्स! नावसुद्धा नाही. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'शाब्बास' ऐकायचं होतं. हसू नका, जावई झाल्याशिवाय कळत नाही ते.

तर पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी मला सकाळी फिरायला लावलं. एके दिवशी कुंपणाच्या तुटक्या तारांमधून मी मागच्या रानात शिरलो. पुढे झुकलेला एक खडक होता. त्याच्या पोटाशी बघतो तर काय, चित्रं!

गेरूनं काढलेली, अर्धी पुसट. काटकुळी माणसं गोल धरून नाचतायत. मधोमध एक जण आडवा पडलाय, पोट टेकाडासारखं, आणि त्याच्या तोंडातून एक वेटोळं वर वर जातंय. गंमत म्हणजे ती नाचणारी माणसं मला ओळखीची वाटली. म्हटलं, ही पूर्वजांची स्मृती, रक्तातच असते ती!

लायब्ररीतून आदिमानवावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. दोन दिवस ऑफिसात फायलीखाली ठेवून वाचलं आणि मला सगळा उलगडा झाला. टोळीप्रमुख मेलाय. टोळी त्याच्याभोवती नाचून शोक करतेय. आणि ते वेटोळं? अहो, आत्मा बाहेर पडतोय!

एसटीडी बूथवरून आप्पांना फोन लावला. त्यांनी आधी खडकाची दिशा आणि चित्रांचा रंग विचारून घेतला. मग म्हणाले, "हात लावू नका. मी निघतो."

पुढच्याच गाडीनं निघालेसुद्धा, भिंग घेऊन. पुण्यात शेजाऱ्यांना सांगून आले, "आमच्या जावयानं शोध लावलाय." आमच्या जावयानं! तिथल्या शेजारच्या काकूंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

सुनंदाला मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, बापाच्या तोंडून नवऱ्याचं कौतुक तिनं अचानक ऐकावं. तिला वाटलं आप्पा सहजच आलेत. फक्त समोरच्या चोप्राजींना कानात सांगितलं.

"किसी को बताना मत, चोप्राजी."

"बिल्कुल नहीं, जी!"

रविवारी सकाळी खडकापाशी अर्धी सोसायटी हजर! कुणी सतरंजी आणलेली, कुणी कॅमेरा. चोप्राजींनी तर नारळ आणि झेंडूचा हार आणला होता. "हमारे एरिया की इज़्ज़त का सवाल है," म्हणाले. माझ्या इज्जतीचाही होता, पण ते त्यांना कुठे ठाऊक!

आप्पा गुडघे टेकून भिंग लावून बसले. मी एक छडी घेतली आणि सुरू झालो. हिंदीत, म्हणजे माझ्या हिंदीत.

"ये देखिए, मृत सरदार. पोट बघा, म्हणजे, पेट देखिए. टोळीतला सगळ्यात मोठा माणूस. खाता-पीता. बाजूला ही गोल गोल वेटोळी, हा मृतासाठी ठेवलेला नैवेद्य. आणि हा आत्मा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोप्राजींनी चपला काढून हात जोडले. आप्पा वळले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शा..."

एवढ्यात मागून चहाचा थर्मास घेऊन सुनंदा आली. खडकाकडे बघून म्हणाली, "अय्या! अजून आहे हे?"

"अजून म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, संक्रांतीला आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल इथेच होती ना! जेवणं झाल्यावर आम्ही बायकांनी वारली काढली."

मी ओरडलो, "ती सहल फरिदाबादच्या रस्त्यानं गेली होती!"

"रस्ता तिकडचा होता, पण डोंगर एकच आहे. तुम्हाला कसं कळणार? गाडीत झोपून आलात, मसालेभात खाल्लात आणि सतरंजीवर आडवे झालात ते थेट निघेपर्यंत."

आप्पांनी भिंग पुन्हा चित्रावर धरलं. "मग हा मेलेला माणूस?"

"मेलेला कुठे? हे आहेत! बाजूला जिलब्या आहेत. आम्ही सगळ्या यांच्याभोवती फेर धरून नाचलो, तरी जाग नाही."

"आणि हा आत्मा?"

"घोरणं, आप्पा."

एका पावसाळ्यानं दहा हजार वर्षांचं काम करून ठेवलं होतं, त्याला मी काय करू? आणि ती ओळखीची माणसं? आमच्या उशांच्या अभ्र्यांवर सुनंदानंच काढलेली. त्यांच्यावर मी रोज डोकं ठेवून झोपतो.

चोप्राजींनी निमूटपणे चपला घातल्या. आप्पा उठले, गुडघे झटकले, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास! साम्य हुबेहूब आहे."

तो खडक अजून तिथे आहे. चोप्राजींकडे पाहुणे आले की आधी त्यांना तिकडे नेतात. मग दुपारी जेवणानंतर आमची बेल वाजते, सुनंदा दार उघडते आणि मी सोफ्यावर असतोच.

चोप्राजी दारातूनच हळू आवाजात सांगतात, "और ये रहा ओरिजिनल."