नाकी चार

बेळगावात अनोळखी माणसाला ‘तुम्ही मराठी का कन्नड?’ असं विचारणं म्हणजे नसतं भांडण अंगावर ओढवून घेणं. म्हणून आम्ही ते विचारतच नाही. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकायचं आणि गुपचूप त्याच्या भाषेत शिरायचं. बसमध्ये, बाजारात, बँकेत सगळीकडं हेच चालतं. मी मात्र हल्ली औषधाच्या दुकानात प्रत्येकाला बेधडक विचारते. कुणी भुवया उंचावतं, कुणी ‘तुला काय करायचंय’ म्हणतं. म्हणू देत. त्यामागं कणकुंबीची एक आज्जी आहे.

बी. फार्मच्या सातव्या सेमिस्टरची ही गोष्ट. त्या सेमिस्टरनं आम्हा सगळ्यांच्याच नाकी नऊ आणले होते. आठवड्यातले काही दिवस कॉलेजात तास आणि काही दिवस शहरातल्या एका दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर प्रशिक्षण. खिडकीतून औषध द्यायचं आणि ते कसं घ्यायचं हे पेशंटला समजावून सांगायचं, एवढंच काम. ते तुम्ही कसं सांगता हे सर मागं उभं राहून ऐकणार आणि त्यावर मार्क देणार. सर बैलहोंगलकडचे, मराठी तोडकंमोडकं पण स्वभावानं शांत. त्यांनी प्रत्येकाला चार फॉर्म दिले होते. तीन पेशंटना आपल्या भाषेत समजवायचं, चौथ्याला दुसऱ्या भाषेत. फॉर्मवर सगळ्यात वर एक चौकोन होता: पेशंटला त्याची भाषा विचारली का?

मी कडोलीची. आमच्या गावाला मराठीचा भारी अभिमान. दरवर्षी साहित्य संमेलन भरतं आणि शाळेत असताना मी तिथं स्वागतगीताला पहिल्या रांगेत असायचे. कन्नड मात्र परीक्षेपुरतं. ‘मुंद होग्री’, म्हणजे पुढं सरका, हे बसच्या कंडक्टरनं शिकवलेलं. बाकी सगळं पुस्तकातलं. चौथ्या फॉर्मसाठी मग मी बोरगावच्या मैत्रिणीला धरलं. ती जैन शेतकऱ्याघरची. तिच्या घरात वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तिनं मला नेहमीच्या औषधांची वाक्यं सांगितली, मी ती देवनागरीत वहीत उतरवली आणि पाठ केली. कानाच्या थेंबांचं वाक्य होतं, ‘नाक हनी किव्याग हाकरी, दिनक मूर सल.’ चार थेंब कानात घाला, दिवसातून तीनदा.

‘चारला शाळेत नाल्कु शिकवलंय की,’ मी म्हटलं.

‘ते पुस्तकात गं. इकडं नाक म्हणतात. नाल्कु म्हणालीस तर लोकांना वाटंल बातम्या वाचायलीस.’

मला ते पटलं. बोलीतला शब्द आपल्याला येतो याची जराशी घमेंडही वाटली.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस शनिवार होता. माझे तीन मराठी पेशंट कधीच झाले होते, पण कन्नड पेशंट काही मिळेना. जो येईल तो मराठीत बोलणारा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीला जाणारा. साडेअकरा वाजले, आणि डोक्यावरून पदर घेतलेली एक आज्जी खिडकीशी आली. काही न बोलता तिनं कागद पुढं केला. कानात मळ घट्ट बसलेला. पाच दिवस थेंब घालून मऊ करायचा आणि पुढच्या शनिवारी यायचं, मग डॉक्टर कान धुऊन देणार. कानाचे डॉक्टर तिथं शनिवारीच यायचे.

ते थेंब माझ्या ओळखीचे. खायचा सोडा, ग्लिसरीन आणि पाणी. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मी ते स्वतःच्या हातांनी केले होते, वहीत त्याचं लेबलसुद्धा रंगवलं होतं. त्या औषधाबद्दल मला सगळं येत होतं. आज्जीबद्दल काहीच माहीत नव्हतं. तेवढ्यात सर मागं येऊन उभे राहिले. ही गेली तर फॉर्म राहिला, एवढंच माझ्या डोक्यात आलं. भाषा वगैरे न विचारता मी पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

आज्जीनं डावा कान पुढं केला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ‘हूं’ म्हणाली. हूं दोन्ही भाषांत एकच. कळलं का, हेही मी कन्नडमध्येच विचारलं. पुन्हा ‘हूं’. सर ‘छान’ म्हणाले. आज्जी बाटली घेऊन गेली आणि मी फॉर्मवरच्या सगळ्या चौकोनांत टिक केली. पहिल्या चौकोनातसुद्धा. ती खोटी होती, पण त्या वेळी मला ती खोटी वाटलीही नाही.

पुढच्या शनिवारी आज्जी परत आली. नाकाचा शेंडा लाल झालेला. तिनं पिशवीतून बाटली काढून खिडकीच्या फळीवर ठेवली.

‘बाजाराला आलतो, म्हटलं ही देऊन जावं. निम्मी हाय अजून. कुणातरी गरिबाला द्या.’ आमच्याकडं बायकाही आलतो-गेलतोच म्हणतात. ते पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कळून चुकलं. आज्जी स्वच्छ मराठी होती.

मी कानाकडं बोट करून खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली.

‘न्हाय सुटला. तू सांगिटल्यागत रोज नाकात घातलं बघ पोरी. लई झोंबायचं. सून म्हणाली, कानाचं औषध नाकात कसं? म्या म्हटलं, येवढी शिकल्याली पोर खोटं कशाला सांगंल, आतनं वाट असंल. पण माझंच काय तरी कमी पडलं. डाक्टर म्हणालते, पाच दिवसांत मऊ पडंल. न्हाय पडलं, म्हंजे आता कायमचीच भैरी.’

‘डॉक्टरांना दाखवा की,’ मी म्हटलं. तिला ते ऐकूच गेलं नाही. ती आपली पिशवीचे बंद आवळत होती. ‘आता डाक्टरला तरी कशाला तरास. साडेबाराची कणकुंबी गाठतो,’ म्हणाली.

माझ्या सबंध वाक्यातला एकच शब्द तिला ओळखीचा वाटला होता, नाक. बाकीची सगळी परकी बडबड. कान बंद असलेल्या त्या बाईनं त्यातला आपल्या भाषेतला एक शब्द घट्ट धरला आणि पाच दिवस त्यावर विश्वास ठेवून नाकाची आग सोसली. वर दोष घेतला तो स्वतःकडंच. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

मूग गिळून बसणं सोपं होतं. ‘आता हेच औषध कानात घालून बघा’ एवढं म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, दुसरा उपाय दिला. सर दोन हात अंतरावर रजिस्टर लिहीत होते, त्यांनाही कळलं नसतं. पण मग सुनेपुढं ती येडी ठरली ती ठरलीच. मी बाजूच्या दारानं बाहेर आले, तिला बाकावर बसवलं आणि डाव्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, ‘आज्जी, चुकलं माझं.’

‘आं?’

‘माझी चूक झाली.’

‘आं?’

खाजगीत माफी मागायचा माझा बेत होता. पण बहिऱ्या माणसाला खाजगीत काय सांगणार? शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘आज्जी, तुम्ही भैऱ्या न्हाय. माझी चूक हाय. नाक म्हंजे कन्नडमध्ये चार. चार थेंब कानात घालायचे होते. मी तुम्हाला भाषाच इचारली न्हाय.’

खिडकीसमोरची अख्खी रांग वळून बघायला लागली. मग मराठी लोक हसले. रांगेतल्या एका काकांनी बाकीच्यांना कन्नडमध्ये समजावून सांगितलं आणि मग कन्नड लोक हसले. माझा चेहरा दोनदा तापला. आज्जी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

‘म्हंजे मी भैरी न्हाय?’

‘न्हाय आज्जी. औषध कानात गेलंच न्हाय.’

तिनं फळीवरच्या बाटलीकडं हात केला. ‘मग दे ती हिकडं. गरिबाला दुसरी दे.’

मी तिचं डोकं माझ्या मांडीवर आडवं घेतलं आणि पहिले चार थेंब स्वतः घातले. एक, दोन, तीन, चार, मोठ्यानं मोजत. तिनं डोळे मिटून घेतले होते. केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. तिची साडेबाराची गाडी चुकली, दीडची मिळाली.

मी आत आले तेव्हा सरांनी माझा जुना फॉर्म काढून ठेवला होता. पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘तो टिक तूच काढ.’ मी खोडली. मार्क कापले, आणि ते कापायलाच हवे होते. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर सर म्हणाले, ‘मी निपाणीला नवीन असताना एक पेशंट आला. म्हणाला, काल मूग खाल्लो, पोट दुखायलंय. कन्नडमध्ये मूगु म्हणजे नाक. मी त्याच्या नाकाकडं बघतच राहिलो, आहे की नाही म्हणून.’ मग म्हणाले, ‘मी पण विचारलो नव्हतो.’

बोरगावच्या मैत्रिणीला अपराधी वाटत होतं, पण तिचा त्यात काही दोष नव्हता. वाक्य तिनं बरोबरच दिलं होतं. वर्गातल्या बाकीच्यांना मात्र आयतंच मिळालं. ‘आमच्या नाकी नऊ, हिच्या नाकी चार’ हे पालुपद सेमिस्टर संपेपर्यंत चाललं. मी चिडायचे, पण मनातून ते मला पटायचं. त्या आठवड्यात मी थेंबाच्या प्रत्येक बाटलीवर बॉलपेननं कान काढायला लागले. पहिले दोन-तीन कान आंब्याच्या कोयीसारखे दिसत होते, नंतर हात बसला.

तिसऱ्या शनिवारी सकाळपासून माझं लक्ष दारातच. मळ मऊ झाला नसेल तर? पाच दिवस नाकात घालून वैतागलेली बाई पुन्हा पाच दिवस कानात घालेल का? सुनेनं घालू दिलं असेल का? अकरा वाजले तरी आज्जीचा पत्ता नव्हता. चुकून माझ्या हातून एका पेशंटचा कागद दुसऱ्यालाच परत गेला आणि सरांनी तो निमूटपणे बदलून दिला.

बाराच्या सुमाराला कानाच्या डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि आज्जी बाहेर आली. म्हणजे ती परस्पर आतच गेली होती. कानात कापसाचा बोळा, हातात रिकामी बाटली. मला राहवेना. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, रांगेच्या डोक्यावरून, मागच्या शनिवारच्याच आवाजात मी ओरडले, ‘आज्जी, कान कसा हाय?’

ती जागेवरच थबकली. कापसाच्या बोळ्यावर हात ठेवून रांगेतून वाट काढत खिडकीशी आली, फळीवर बाटली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘वरडू नको गं. ऐकू येतंय.’