सांध्यातली फट

आमच्या मालकांचं नाव अण्णासो. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतंय, पण तुम्हाला माणूस कळाय पाहिजे म्हणून एकदा घेतलं. आता पुन्हा घेणार न्हाय. मी यल्लव्वा, माहेर गडहिंग्लजचं. आणि आधीच सांगतो, आमच्याकडं बायका पण 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत्यात. पुण्याची माणसं हसत्यात. हसू द्यात.

मालक हुपरीचं, चांदीचं कारागीर. अकराव्या वर्षी भट्टीपुढं बसलं ते पंचेचाळीस वर्षं उठलं न्हाईत. पैंजण घडवायचं. पैंजण म्हंजे शेकडो कड्या, आणि प्रत्येक कडीला एक सांधा. तो सांधा झाळायचा, म्हंजे फुंकणीनं जाळ मारून असा बंद करायचा की कडी कुठं जोडली ते करणाऱ्याला पण सापडू नये. मालक डोळं मिटून सांध्यावरनं नख फिरवायचं. नख अडलं की कडी मोडून परत पहिल्यापास्नं. त्यांच्या सांध्याला गावात नाव हुतं, आणि मालकांना त्याचा ताठा पण तेवढाच. बोलणं म्हंजे तर विचारू नका. भाजीत तेल जास्त, उंबऱ्यात चप्पल वाकडी, शेजाऱ्याचा टीव्ही मोठा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मी म्हणायचो, देवा, ह्यांचं तोंड एक दिवस तरी बंद ठेव.

ठेवलं की देवानं. मशीनचं पैंजण आलं, हातकाम मागणारं गिऱ्हाईक एकेक करून तुटलं, आणि दोन वर्षांमागं भट्टी बंद करून आम्ही कोल्हापुरात लेकीकडं आलो. नंदिनी हितं एका ऑफिसात हाय. मार्केट यार्डाच्या मागं, रेल्वेच्या रुळापास्नं दोन गल्ल्या सोडून तिचं घर. त्या घरात पाय ठेवला आणि मालक गप्प झालं. एक दिवस न्हाय, आठ महिनं. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. न्हायतर दोन्ही हात मांड्यांच्या मधी घालून खुर्चीत बसून. डॉक्टर झालं, गोळ्या झाल्या. हुपरीच्या सामानात चांदी उजळायची तेजाबाची बाटली हुती. ती मी कुणाला न सांगता पिशवीत गुंडाळली आणि एसटीनं जाऊन जावेच्या हवाली करून आलो. का केली ते तवा तोंडानं म्हणाय पण भ्याव वाटायचं. आता म्हणतो. ह्या माणसानं स्वतःचं काय बरं-वाईट करून घेतलं तर, हे एकच डोक्यात. दुसरं काही सुचायचं न्हाय.

संध्याकाळचं मालक रुळाकडच्या भिंतीपाशी जाऊन उभं ऱ्हायचं. मी लांबनं, भाजी निवडून घ्यायचं सोंग करत, त्यांच्यावर डोळा ठेवून. भाजीवाली म्हणायची, मावशी, मेथीच्या चार जुड्या घ्यायला तुम्हाला अर्धा तास लागतोय व्हय. काय सांगणार तिला?

एक दिवस मिरजेकडची गाडी गेली आणि मालक वळून सरळ माझ्याकडं आलं. "माझी जंत्री कुठं हाय?" म्हणालं. जंत्री म्हंजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी, तिच्यातनं तार ओढून बारीक करत्यात. आठ महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेला पयला शब्द. मेथी तिथंच टाकून मी घरी पळालो आणि माळ्यावरनं जंत्री काढून दिली. कशाला पाहिजे ते विचारलं पण न्हाय.

ऐन थंडीत काम सुरू झालं. खालच्या खोलीत प्लायवूडची मोठी फळी मांडली. पितळेची तार ओढून रूळ केलं. खाली लाकडाच्या काड्या, एकसारख्या कापलेल्या. कोल्हापूर स्टेशन, मग गूळ मार्केट, तिथं फलाटावर गुळाच्या इवल्या ढेपा. पुढं पंचगंगेचा पूल, रुकडी, आणि वळसा घालून लाईन परत कोल्हापुरात. केरसुणीच्या काड्या हिरव्या रंगवून ऊस उभा केला. इंजनाला खेळण्यातली मोटार, करंट रुळातनं. आणि रुळांचं सगळं सांधं झाळलेलं, पैंजणासारखं. अख्ख्या लाईनीत जोड दिसला तर शपथ. गाडी त्याच्यावरनं अशी जायची की आवाजच न्हाय. मालक बोलाय लागलं हुतं, पण मोजून चार शब्द, ते बी गाडीचंच. मला तेवढं पण पुष्कळ हुतं.

तेवढ्यावर ऱ्हायलं असतं तर बरं हुतं. नंदिनीनं एप्रिलात एका शाळेच्या हॉलमधल्या छंद-प्रदर्शनात बाबांचं नाव घातलं. वर हुपरीच्या जुन्या कारागिरांना फोन करून चारला या म्हणून सांगितलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आणि बिघडलं तर? त्या माणसांसमोर बिघडलं तर तुझा बाप परत खुर्चीत बसंल, आणि ह्या खेपंला उठायचा न्हाय." ती म्हणाली, "आई, तू उगंच वाईट बोलू नकोस." उगंच म्हणं.

सकाळी टेंपोतनं फळी नेली. हॉलवर पत्रा. दहा वाजता गाडी झकास चालली, पोरंटोरं, मास्तर, सगळी बघाय जमली. बारानंतर पत्रा तापला. पावणेएकला पुलाच्या वळणावर गाडी घसरली. मालकांनी चिमट्यानं उचलून ठेवली. परत घसरली. वाकून बघितलं तर रूळ काड्यांवरनं सुटून बाहेर फुगलेला. अंगठ्यानं दाबला तर रुकडीपाशी फुगला. तिथं दाबला तर स्टेशनात. मालकांनी सगळ्या सांध्यांवरनं नख फिरवलं. "सांधं तर चोख हायती," म्हणालं, आणि खुर्चीत बसलं. हात मांड्यांच्या मधी.

मी पाणी दिलं, घेतलं न्हाय. नंदिनी बोलली, ऐकलं न्हाय. दोन वाजलं, अडीच वाजलं. हुपरीची माणसं आता निघाली असतील, एवढंच माझ्या डोक्यात.

तेवढ्यात एक म्हातारी बाई फळीशी आली, खाली वाकली आणि एक डोळा मिटून रुळावरनं नजर लावली. धोंडुबाई तिचं नाव. "पावणं, रूळ कुणी घातला ह्यो?" म्हणाली. मी मालकांकडं बोट केलं. "मी बावीस वर्षं रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमधी हुतो," ती म्हणाली. "नवऱ्याच्या जागी लागलेलो. ह्याच मिरज लाईनीवर पाना घेऊन चाललोय. फट कुठं हाय ह्याला?"

"कसली फट?" मी म्हटलं.

"सांध्यात फट ठेवाय लागती की. उनानं रूळ वाढतोय. वाढाय जागा न्हाय मिळाली की फुगून बाहेर पडतोय. आता मोठ्या लाईनीला वेल्डिंग करत्यात, पण तिथं रुळाखालचं सिमेंटचं जड स्लीपर त्याला दाबून धरत्यात. तुमच्या ह्या काड्या काय धरणार?"

मालकांनी मान वर केली. "माझ्या सांध्यात फट?" एवढंच म्हणालं, आणि मग बारीक आवाजात, "नंदिनी, टेंपो बोलाव. घरी जाऊ."

तो आवाज मी वळखला. आठ महिनं गप्प व्हायच्या आधी शेवटी तोच ऐकलेला. मग मला काय झालं काय म्हाईत, भ्याव सगळं राग हून डोक्यातच गेलं. मी त्यांच्या हत्याराच्या पेटीतनं बारीक पात्याची करवत काढली आणि पुलाजवळच्या सांध्यावर धरली. इतकी वर्षं मी घुंगरं ओवली, करवत कधी धरली न्हवती. धोंडुबाई म्हणाली, "जरा हलक्या हातानं." पण मी जोरात ओढली. पितळेचा किस पडला, आणि रूळ तुटून टक्कन सरळ झाला.

"आगं ए बये, काय चाललंय तुझं!"

मालक खुर्चीतनं उठलेलं. "करवत अशी धरत्यात व्हय? पातं तिरकं गेलंय, दिसतंय का? आंधळी हाईस का काय? इतकी वर्षं चांदीवाल्याच्या घरात काढलीस का गोठ्यात? सरक. सरक म्हणतोय तिकडं." माझ्या हातनं करवत हिसकून घेतली. दुसरा सांधा कापला, तिसरा, चौथा, नाकासमोर सरळ. खालनं बारीक तारा टाकून करंट जोडला. आणि तोंड चालूच. माझ्या आईबापापास्नं सुरू केलं ते माझ्या बोटांच्या जाडीपर्यंत सगळं काढलं. अख्खा हॉल बघत हुता.

चारला पाच कमी असताना गाडी सुटली. सांध्यावर आली की खट-खट वाजाय लागली. धोंडुबाई म्हणाली, "आता कशी रेल्वे वाटती." हुपरीचं चौघं आलं. एकजण वाकून बघून म्हणाला, "काय हे, तुमचा सांधा आणि उघडा?"

"मुद्दाम सोडलाय," मालक म्हणालं. "उनात रूळ वाढतोय, तुला काय कळतंय त्यातलं. आणि त्यो पुलाजवळचा वाकडा दिसतोय त्यो माझा न्हवं. त्यो हिनं कापलाय. अक्कल म्हणून न्हाय बाईला." आणि परत पयल्यापास्नं सुरू झालं, त्या चौघांच्या समोर, हात हलवून हलवून.

मी भिंतीकडं तोंड करून पदर डोळ्याला लावला. नंदिनी जवळ आली. "आई, रडतीस का गं? बाबा चारचौघात एवढं बोलले म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. "त्यांना अडवू नकोस. बोलू दे."