एकाच गाडीचा पाठलाग

आमच्या मेहुण्याने सिनेमा काढला आणि माझ्या बायकोचे चार महिने पाण्यात गेले.

बायको संकलक आहे. लोक जे काही शूट करून आणतात, ते कापायचं आणि जोडायचं. तीस वर्षं हेच. बाहेर याला कला म्हणतात. मी आपली पडदे ओढलेली खोली, दोन स्क्रीन आणि डोळ्यांवरचा ओला रुमाल एवढंच पाहिलंय. शूटिंगवर काही बिघडलं की मंडळी बिनधास्त म्हणतात, एडिटला सांभाळून घेतील. ते सांभाळणारी ही.

मेहुणा तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर हिनेच वाढवला, त्यामुळे त्याची चूक हिला कधी चूक वाटलीच नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी साहेबांना मारामारीचा सिनेमा सुचला. गोष्ट त्याची, दिग्दर्शन त्याचंच. सगळं शूटिंग घेऊन तो आधी तिच्याकडे आला. "ताई, बघ आणि खरं काय ते सांग," म्हणाला.

तिने तीन दिवस बघितलं. मीही मागे बसून बघितलं, कर्म माझं! हिरो छपरावरून उडी मारतो तेव्हा बाह्या दुमडलेल्या, खाली पोचतो तेव्हा बटणं लावलेली. बॉम्बचं घड्याळ चाळीसवरून पंचावन्नवर जातं. सगळे एका बॅगेमागे जीव तोडून धावतात; बॅगेत आहे काय, विचारलं तर मेहुणे म्हणाले, ते प्रेक्षकांनी ठरवायचं. पाठलागाने तर कहर केला. गाडी एकच मिळाली होती, म्हणून ती पांढरी गाडी आठ मिनिटं स्वतःच्याच मागे धावते.

चौथ्या दिवशी सकाळी तो उत्तर ऐकायला यायचा होता. मी तिला बजावलं, स्पष्ट सांग, यात जीव नाही. आत्ता थांबला तर निदान हसं तरी होणार नाही. ती हो म्हणाली. तो आला, हिने त्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "होईल रे काहीतरी."

झालं! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण ही ओढत राहिली. दुसरी गाडी वाटावी म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं, तर नंबरप्लेट उलटी दिसायला लागली. मग त्यावर धुरळा चढवला. एकुलता एक स्फोट चार ठिकाणी वापरला. डोळ्यांत घालायचे थेंब दिवसातून दोनदाचे पाचदा झाले. मी चिडलो की म्हणायची, एवढंच राहिलंय.

सिनेमा शुक्रवारी लागला आणि रविवारी उतरला. लोक हसले, तेही हिरोची आई मरते तिथे.

सोमवारी दुपारी मेहुणा आला आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसला. ती त्याची समजूत काढायला लागली, तर त्याने तिला थांबवलं. शूटिंगच्या आठव्या दिवशीच आपल्याला सगळं कळून चुकलं होतं, म्हणाला.

"मला थांबायचं होतं, ताई. माझ्या तोंडून निघेना. वाटलं, तू बघशील आणि नको म्हणशील. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकलं असतं मी?"

मेहुण्याला टोमणा मारायची ही आयती संधी होती, पण माझी जीभ रेटेना. तिने हातातला ओला रुमाल खाली ठेवला. मग म्हणाली, "मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं रे." आणि त्याच्याकडे न बघता रडायला लागली.