गौराबाईची फळी

गौराबाईच्या पायांत माझी कुठलीही चप्पल जात नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या मनाने माझी जवळजवळ नवी चप्पल तिला देऊ केली. तिने पाय घालून बघितला, निम्मा पाय बाहेर राहिला, तशी म्हणाली, "ही तुज्या बाहुलीला दे." तिची बोटं एकमेकांपासून सुटी आहेत, टाच रुंद आहे आणि तळवा असा की काटा मोडेल पण आत जाणार नाही. या पायांवर ती तीस वर्षं दुसऱ्यांची शेतं सपाट करते आहे.

हे काम ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने आमच्या शेतांत येतं, म्हणून कर्जतच्या या बाजूला जानेवारीत दुसरं भात लावतात. लावणीआधी शेतात पाणी भरून चिखल करायचा आणि त्यावरून लाकडाची जड फळी बैलांकडून ओढून घ्यायची. फळीवर एक माणूस उभा राहतो. त्याने भार दिला की फळी उंचवट्याची माती खरवडते, भार काढला की ती माती पुढच्या खळग्यात सोडते. शेत सपाट झालं तर पाणी सगळीकडे सारखं उभं राहतं आणि भातही सारखं येतं. टिलर आले, ट्रॅक्टर आले, तरी शेवटचा हात फळीचाच, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. आणि फळीवर उभी राहणारी बाई आमच्या पंचक्रोशीत एकच. गौराबाई आणि तिचा नवरा पदू डोंगराखालच्या ठाकरवाडीतून बैलजोडी घेऊन उतरतात. पदू बैल हाकतो, ती उभी राहते. तो स्वतःच सांगतो, "मी हुबा ऱ्हायलो तर शेताचा डोंगर हुतो."

सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. एक दिवस ती म्हणाली, "तुमी तुमी नको करू गं तेजू. माज्या मागं कोन हुबं हाय का, ते मी वळून बगते." तेव्हापासून अगं-तुगं.

आता माझ्याबद्दल. मी समुद्राकाठची, अलिबागच्या पुढची. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला लाट मागे सरते आणि ओल्या वाळूवर बोटभर पाणी उरतं. हातातली पातळ, गुळगुळीत फळी त्या पाण्यावर सपाट टाकायची, मागून धावत जाऊन तिच्यावर चढायचं आणि घसरत जायचं. शहरातली मुलं याला स्किमबोर्डिंग म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. मी आणि माझा भाऊ ओमकार होडीच्या प्लायवूडचे उरलेले तुकडे कापून शिकलो. आज तिथे तीसेक जण आहेत. मासेवाल्यांची आणि खानावळवाल्यांची पोरंपोरी, दोन-तीन आया, आणि एक पोस्टमन, जो रविवारी टपालाचं नाव काढू देत नाही. या सगळ्यांत माझं नाव होतं. हे मीच सांगते आहे, पण दुसरं कोण सांगणार?

लग्न होऊन इथे आले. नवरा सुनील मोहोपाड्याच्या कारखान्यात पाळ्या करतो. सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, गुडघे गेले आणि कालव्यावरचं दीड एकर शेत कोणी करायचं हा प्रश्न उभा राहिला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगले बांधणारा एक गृहस्थ वर्षभर आमच्या ओटीवर येऊन चहा पीत होता. बाबा त्याला नाही म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. मी म्हटलं, मी करते. मला ते शेत हवं होतं. समुद्र सोडून आलेल्या बाईला पाय ठेवायला काहीतरी आपलं लागतं, आणि त्या शेतात पाणी भरलं की मला घरच्यासारखं वाटायचं.

बाबा म्हणाले, "यंदाचं उन्हाळी भात तू कर. नीट आलं तर शेत तुजं. नाय आलं तर त्या बंगलेवाल्याला देयाचं, मंग कुरबूर नको."

चिखलणीचा दिवस ठरला आणि आदल्याच दिवशी गौराबाईची लेक मंगळी बाळंतपणाला कर्जतच्या दवाखान्यात गेली. गौराबाई तिच्यासोबत. पदू बैल घेऊन एकटाच आला आणि म्हणाला, ती एक-दोन दिवसांत येईल, थांबा. कालव्याचं पाणी आमच्या बाजूला आणखी चारच दिवस होतं. थांबायला काही हरकत नव्हती. पण मला थांबता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. मी म्हटलं, "पदूभाऊ, फळीवर मी उभी राहते. माझा जन्म फळीवर गेला आहे."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बैल जुंपले.

काय सांगू, मी काय सुंदर घसरले. साडी खोचलेली, दोर एका हातात, गुडघे जरासे वाकवलेले, भार अगदी हलका, जसा समुद्रावर ठेवतात तसा. फळी चिखलावरून सुर्रकन जात होती. बांधावर माणसं जमली. शेजारच्या समीक्षाने मोबाइलवर काढलं, आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या गावाच्या फोनमध्ये होते. त्या रात्री मी फार खूश होऊन झोपले.

सकाळी गढूळ पाणी निवळलं होतं आणि शेतात ठिकठिकाणी मातीच्या पाठी वर आल्या होत्या. मधे घोटाभर खोल खळगे. आदल्या दिवशी मी दिवसभर उंचवट्यांच्या डोक्यावरून अलगद निघून गेले होते. समुद्रावर हेच तर शिकले होते, फळी कुठे अडू द्यायची नाही. शेतात ती अडायला हवी असते, तेच तिचं काम.

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. पाणी थोडं वाढवलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. बाबांना गुडघ्यांमुळे बांधावरून खाली उतरता येत नाही, त्यांना कळलं नसतं. भात येईपर्यंत कोणालाच कळलं नसतं. मी पाण्याच्या तोंडाशी जाऊन उभीसुद्धा राहिले. मग घरी आले आणि बाबांना सांगितलं, "मी शेत बिघडवलं." त्यांनी हातातला कप खाली ठेवला, एवढंच.

दुपारी गौराबाई आली. नातू झाला होता, दोन रात्री झोप नव्हती, तरी थेट शेतावर. तिने चप्पल बांधावर काढली आणि चिखलात उतरून एकदा आडवी, एकदा उभी चालली. वाकून बघितलंसुद्धा नाही, पायांनीच बघत होती. मी रागावण्याची वाट बघत होते.

"तू फळीवर हुबी नवतीस गं," ती म्हणाली. "तू फळीवरनं पळून जात हुतीस."

मग पदूला बैल जुंपायला सांगितलं आणि मला आपल्या पुढ्यात फळीवर घेतलं. उंच लागलं की माझ्या खांद्यावर हात दाबायची, खोल लागलं की हात उचलायची. दोन दिवस आम्ही दोघी त्या फळीवर. तिसऱ्या दिवशी शेत झालं, पण चार कोपरे राहिले, कारण कोपऱ्यात बैल वळत नाहीत. तिथली माती हातापायांनीच सारखी करावी लागते. कोणी बघत नाही असं हे काम. गौराबाई बांधावर बसली आणि म्हणाली, "कोपरं तुजं." मी चारही कोपरे केले. नखं गेली, कंबर गेली, समीक्षा काही मोबाइल घेऊन आली नाही.

लावणी वेळेत झाली. तिच्या मजुरीवर मी आणखी काही द्यावं म्हणून विचारलं, काय हवं? तिला वाटलं मी पुन्हा चप्पलच देते. मग म्हणाली, "तुजी ती फळी पान्यावर कशी जाते ते दाव. मी समुंदर बगला नाय."

पन्नाशीची बाई. समुद्र आमच्यापासून सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं इतका जवळ. मला स्वतःचीच लाज वाटली, की चार वर्षं मी हिच्यापुढे समुद्राच्या बढाया मारत होते आणि एकदाही चल म्हटलं नाही.

होळीनंतर ओमकार टेंपो घेऊन आला. रात्री माझ्या माहेरी मुक्काम, सकाळी ओहोटीला किनारा, असं ठरलं. गौराबाई, पदू, मी, आणि कोणी बोलावलं नसताना, गुडघ्यांना तेल चोळून, बाबा. भात तेव्हा निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आलं होतं, शेतभर सारखंच. बाबा रोज बांधावर बसून बघायचे, पण शेताबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. विचारायचीच भीती वाटत होती.

समुद्र पहिल्यांदा बघणारा माणूस लांब बघतो. गौराबाई खाली बघत होती. ओहोटीने ओली चकचकीत वाळू पार टोकापर्यंत पसरली होती. तिने पाय आडवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"एवडं सपाट कोनी केलं?"

ओमकार हसला. "समुद्रच करतो. दिवसातनं दोनदा."

"दोनदा," ती पदूला म्हणाली. "बग."

आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. फळ्या काढण्याआधी सगळ्यांनी अनवाणी, एका रांगेत, तो पट्टा सावकाश चालायचा आणि काच, शिंपा, गळ वेचायचे. जो चालला नाही त्याला त्या दिवशी खेळायला मिळत नाही. पोस्टमनलाही एकदा परत पाठवलं होतं. गौराबाई रांगेत चालली आणि दोघांनी ओलांडलेल्या वाळूखालून पायाच्या बोटांनी बाटलीचं फुटकं बूड काढलं. मग तीस जणांत तिचंच कौतुक सुरू झालं.

फळीवर धावत चढणं तिला पटेना. ती फळीवर आधी उभी राहिली आणि बैलांची वाट बघू लागली. शेवटी ओमकार आणि दोन पोरींनी दोर धरून ओढलं. काय तोल होता तिचा! दहाबारा हात सरळ गेली, आणि मधेच, कोणाला दिसलाही नसता असा वाळूचा उंचवटा पायाला लागल्याबरोबर तिने सवयीने भार दिला. फळी रुतली, ती पाण्यात बसली. उठून आधी तो उंचवटा पायाने सारखा केला, मग हसली.

नंतर आम्ही सगळे कोकम सरबत घेऊन वाळूवर बसलो. गौराबाईने विचारलं, "ह्ये हाय कुनाचं?"

"कुणाचंच नाही," ओमकार म्हणाला. "सकाळी जो चालून साफ करतो त्याचं, त्या दिवसापुरतं."

बाबा हळूच म्हणाले, "ह्या हिशेबानं तर आमचं शेत गौराचं म्हनायला पायजे."

जिने पंचक्रोशीतली शेतं पायाखालून काढली तिच्या नावावर एक गुंठासुद्धा नाही, हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं, आणि आम्ही कधी बोललो नव्हतो.

गौराबाईने पेला खाली ठेवला. "नाय दादा," ती म्हणाली. "मी फळीवरची. फळीवर समदे बगतात. कोपरं तेजूनं केलं, नि तितं कोन बगाया नवतं. शेत तिचं."

बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्या बंगलेवाल्याचा फोन लाव. नाय म्हनून सांगतो."